शिळेवर उमटलेली हग्गादा

जिदहफ्स येथे मुलाकडे राहावयास असताना मी मनामातील बैत-अल-कुराण हे संग्रहालय पाहिले. हाम्बुर्ग येथे १६९४ साली खिळ्यांनी छापलेले कुराण तेथे आहे. त्यापुढे उभा असता मला आपली हग्गादा आठवली.

मुंबईत १८४६ साली व पुण्यात १८७४ साली मराठी अर्थासह निघालेल्या आपल्या हग्गादा शिळाछापाच्या. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने लिहावयाचे, शिळा ओली करावयाची आणि वरून शाईचा रूळ फिरवावयाचा. ओल्या भागास शाई लागत नाही, अक्षरांस तेवढी धरते. खिळे जुळविणे नाही. म्हणूनच उजवीकडून चालणारी हिब्रू व डावीकडून चालणारी मराठी एका शिळेवर सुखाने नांदल्या. पुण्याच्या प्रतीत तर चित्रेही आहेत. बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या त्या लुगडे नेसलेल्या स्त्रिया म्हणजे आपल्याच आज्या-पणज्या!

आमच्या घरची प्रत वाळवीने खाल्ली. दोष आमचाच; पेटीत जपून ठेवली, उघडली मात्र कधी नाही.

त्या रात्री नातवाला मोबाइलवर पुण्याच्या प्रतीचे छायाचित्र दाखविले. मराठी ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, “आजोबा, हे काय लिहिलंय?” त्याला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. मग एकेक अक्षर लावीत आम्ही ती ओळ वाचली. अर्धा तास लागला.