झिजलेल्या देहांची नोंद

१६३२ साली लंडन शहर आणि लगतच्या वस्त्यांत मिळून ९,५३५ माणसांना मूठमाती मिळाली. त्यांच्या मरणाची कारणे सांगणारा त्या वर्षाचा तक्ता आज सहज वाचता येतो. जॉन ग्राँट नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याने तीस वर्षांनी, १६६२ मध्ये, आपल्या पुस्तकात तो नमुना म्हणून छापला. तक्त्यात ‘कन्झम्प्शन’समोर आकडा आहे १,७९७. म्हणजे दर पाच मृतांपैकी जवळजवळ एक. ‘टिसिक’ हे धाप आणि खोकल्याने खंगण्याचे जुने नाव, त्याचे ३४. ‘लेथर्जी’ म्हणजे गुंगी येऊन गळून जाणे, त्याचे २. ‘एज्ड’, म्हणजे म्हातारपणाने गेलेले, ६२८. दुःखाने गेलेल्यांचाही वेगळा रकाना आहे, त्यात ११.

शक्ती ओसरण्याला इंग्रजीत शब्दांची वाण नव्हती. तरी जवळजवळ सगळी माणसे एकाच रकान्यात का पडली? आजचा वाचक कन्झम्प्शन म्हणजे क्षयरोग असे धरून चालतो आणि त्या १,७९७ जणांना क्षयाचे रुग्ण ठरवून मोकळा होतो. माझ्या मते ही घाई आहे. आधी तो शब्द तिथे कोणी आणि काय पाहून लिहिला, हे तपासले पाहिजे.

मरणाची नोंद कशी होई, ती साखळी ग्राँटनेच सविस्तर सांगून ठेवली आहे. कोणी मेले की चर्चची घंटा वाजे, किंवा नातेवाईक कबर खणायला सांगायला येत. ही खबर त्या वस्तीच्या ‘सर्चर’ बायकांना मिळे. त्या वयस्क असत आणि या कामासाठी त्यांना शपथ दिलेली असे. प्रेत असेल त्या घरी जाऊन त्या ते पाहत, घरच्यांना विचारत आणि मरणाचे कारण चर्चच्या कारकुनाला सांगत. कारकून मंगळवारी रात्री आठवड्याची यादी चर्चच्या कारकुनांच्या संघाच्या कचेरीत पोचवी. बुधवारी सगळ्या वस्त्यांची बेरीज होऊन पत्रक छापले जाई, आणि गुरुवारी ते वर्षाला चार शिलिंग वर्गणी भरणाऱ्या घरांत वाटले जाई. १६०३ च्या अखेरीपासून ही पत्रके खंड न पडता निघत होती. प्लेगखेरीज इतर रोगांची नावे त्यांत छापून येऊ लागली ती १६२९ पासून.

म्हणजे १,७९७ हा आकडा वैद्यांनी दिलेला नाही. तो म्हाताऱ्या, गरीब बायकांच्या नजरेतून आला आहे. त्यांच्याबद्दल ग्राँटचे एक वाक्य फार गाजले. एखादा पेला बिअर पोटात गेल्यावर आणि ठरलेल्या फीच्या दुप्पट पैसे हातावर पडल्यावर या बायकांना रोगारोगांतला फरक कसा कळणार, असा त्याचा आशय. पुढच्या अनेक लेखकांनी तेवढेच उचलले आणि या बायकांना अडाणी, लाचखाऊ ठरवून टाकले. ते वाक्य कुठे आले आहे हे पाहिले की त्याचा रोख कळतो. ग्राँट तिथे कन्झम्प्शनबद्दलच बोलतो आहे. देह वाळला तो फुप्फुसाच्या रोगाने, रेंगाळलेल्या तापाने, नुसत्या झडण्याने की गुप्तरोगाने, हे त्या सांगू शकत नाहीत, एवढीच त्याची तक्रार आहे. पण प्रेत अतिशय रोड आणि झिजलेले होते, ही गोष्ट त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते आणि ती खरी मानायला हरकत नाही, हेही तो मान्य करतो. त्या बायकांवर अन्याय झाला तो त्याच्या म्हणण्याचा हा दुसरा भाग वगळल्याने.

तेव्हा त्या रकान्याचा अर्थ मी असा लावतो : ‘आम्ही पाहिले तेव्हा अंगावर मांस उरले नव्हते.’ रोगाचे निदान म्हणून ही नोंद कच्ची आहे. मृतदेहाचे वर्णन म्हणून ती भरवशाची आहे. ग्राँटने वीस वर्षांच्या पत्रकांची बेरीज केली. एकूण मृत्यू २,२९,२५०, आणि त्यांत कन्झम्प्शन व खोकला मिळून ४४,४८७. यांतले पुष्कळ क्षयाचे असणारच. पण कर्करोग, मधुमेह, लांबलेली हगवण, उपासमार यांनीही माणूस तसाच वाळतो, आणि अशी काही प्रेते याच रकान्यात पडली असणार.

शिवाय त्या शब्दाची लोकांना सोयही होती. वीस वर्षांत ‘फ्रेंच पॉक्स’ने, म्हणजे उपदंशाने, गेलेले फक्त ३९२ सापडतात. रोग उघड पसरलेला असताना आकडा इतका लहान कसा, असे ग्राँटने विचारले. हे सगळे मृत्यू दोनच वस्त्यांतून कळवले गेले होते, सेंट जाइल्स आणि सेंट मार्टिन. सर्वांत हीन आणि हलाखीची वेश्यागृहे बहुतेक या वस्त्यांत होती, असे त्याला कळले होते. नाक झडून गेलेले आणि कोणालाच नकोसे झालेले तेवढे त्या नावाने नोंदले गेले, बाकीचे ‘व्रण’ आणि कन्झम्प्शनखाली झाकले गेले, असा त्याने निष्कर्ष काढला. चारचौघांत तोंड दाखवता येईल असे कारण म्हणून घरच्यांनी झिजण्याचा आधार घेतला.

प्लेगच्या साथीत हे झाकणे फार वाढे, कारण घरात प्लेग निघाला की धडधाकट माणसांसकट सगळे घर बंद केले जाई. १६२५ च्या साथीत इतर कारणांचे आकडेही एकाएकी फुगलेले पाहून ग्राँटने हिशेब मांडला : नोंदलेल्यांपेक्षा साधारण एक चतुर्थांश अधिक माणसे प्लेगने मेली असावीत. सगळा दोष सर्चर बायकांचा नव्हता. त्या काळच्या लंडनकर सॅम्युअल पेपिसच्या रोजनिशीत ३० ऑगस्ट १६६५ ची नोंद आहे. त्याच्या वस्तीच्या कारकुनानेच त्याला सांगितले, की या आठवड्यात नऊ गेले, पण मी सहाच कळवले. दुसऱ्या दिवशी पेपिसने त्या आठवड्याचा प्लेगचा छापील आकडा टिपला, ६,१०२, आणि खरा आकडा दहा हजारांच्या जवळ असेल अशी भीतीही लिहून ठेवली. बाया तेवढ्या लाचखाऊ आणि कारकून तेवढा चोख, हे समीकरण या कागदापुढे टिकत नाही.

नावे बदलत होती हेही ग्राँटने हेरले. ‘रिकेट्स’, म्हणजे मुलांचा मुडदूस, पत्रकात प्रथम दिसतो १६३४ मध्ये आणि तेव्हा मृत्यू १४. १६६० मध्ये तेच ५२१. रोग नवा आला, की जुनाच नव्या नावाने लिहिला जाऊ लागला? उत्तरासाठी त्याने ‘लिव्हरग्रोन’, म्हणजे यकृत वाढून मेलेल्यांचा रकाना शेजारी ठेवला. एक चढतो तसा दुसरा उतरतो का, एवढे त्याने पाहिले. शब्दाच्या वयाचा विचार न करता मृत्यूचे आकडे वाचू नयेत, ही शिस्त मला त्याच्या पुस्तकातली सर्वांत मोलाची वाटते. झिजण्याच्या रकान्याला ती लावली, तर वर्षावर्षाचा चढउतार पाहून क्षय वाढला किंवा घटला असे म्हणण्याआधी दहादा थांबावे लागते.

१८३७ मध्ये इंग्लंडमध्ये सरकारी जन्ममृत्यूनोंदणी सुरू झाली आणि सर्चर बायकांचे काम उरले नाही. नोंदणी कचेरीतला विल्यम फार आपल्या पहिल्याच अहवालात त्रासून लिहितो, की एकाच रोगाला तीनचार नावे आहेत आणि एकाच नावाखाली वेगवेगळे रोग आहेत. वजनामापांना जसा ठरीव मेळ लागतो तसा रोगांच्या नावांनाही लागतो, असा त्याचा आग्रह होता. त्याने वर्गवारी घालून दिली. तरी दाखल्यांवर ‘डिक्लाइन’, ‘डेबिलिटी’, ‘नॅचरल डिके’ हे शब्द येतच राहिले. १८७४ च्या कायद्याने उपचार करणाऱ्या डॉक्टरवर मृत्यूचे कारण लिहून देण्याचे बंधन आले, आणि त्यानंतरही ते दाखल्यांवर सापडतात. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने जगापुढे मांडला तो त्याच्याही आठ वर्षांनी, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये.