विखुरलेली पाने : बर्किटच्या अर्बुदाची कथा

१९५७ साली युगांडातील कंपालाच्या मुलागो रुग्णालयात शल्यविशारद डेनिस बर्किट ह्यांना त्यांचे सहकारी ह्यू ट्रोवेल ह्यांनी एक मूल दाखविले. त्याच्या वरच्या व खालच्या जबड्यांच्या दोन्ही बाजू सुजलेल्या होत्या. अर्बुद म्हणावे, तर ते सहसा एका जागी वाढते. एकदम चारही कोपऱ्यांत कसे? कोडे तसेच राहिले. काही आठवड्यांनी जिंजा येथील रुग्णालयात बर्किटांची नजर सहज खिडकीबाहेर गेली, तो हिरवळीवर आईजवळ बसलेल्या मुलाचा चेहरा अगदी तसाच. तपासून पाहता त्याच्या पोटातही गाठी निघाल्या.

ह्यानंतर बर्किट जुन्या नोंदींकडे वळले, आणि आमच्या मते खरा इतिहास इथे सुरू होतो. ज्या मुलांच्या जबड्यांत गाठी होत्या, त्यांतील अनेकांच्या मूत्रपिंडांत, यकृतात, बीजकोशांतही त्या होत्या. परंतु दप्तरात जबड्याचे अर्बुद एका नावाखाली, मूत्रपिंडाचे दुसऱ्या, डोळ्यामागचे तिसऱ्या. नोंदी खोट्या नव्हत्या. अवयव बदलला की नाव बदले, इतकेच. पाठचिकित्सा शिकविताना आम्ही सांगत असतो की, निरनिराळ्या बाडांत सापडलेली पाने एकाच पोथीची असू शकतात, बाडावरचे नाव हा पुरावा नव्हे. येथे मात्र पाने जुळेपर्यंत मुले दगावत होती. कंपालातल्याच मेंगो रुग्णालयाचे संस्थापक आल्बर्ट कुक ह्यांच्या विसाव्या शतकारंभीच्या टिपणांतही अशा जबड्यांची चित्रे आहेत!

गंमत अशी की, १९५८च्या आपल्या पहिल्या निबंधात खुद्द बर्किटांनीही ह्या रोगाला जबड्यांचा सार्कोमाच म्हटले. तो लसिकापेशींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, आहे हे विकृतिशास्त्रज्ञ ग्रेगरी ओ'कॉनर व जॅक डेव्हिस ह्यांनी पुढे दाखविले.

मग बर्किटांनी आफ्रिकेतील रुग्णालयांना छायाचित्रांसह पत्रके धाडली : अशी मुले आपणांकडे येतात काय? उत्तरांवरून नकाशावर खुणा होत गेल्या. १९६१मध्ये दोघा डॉक्टर मित्रांसह एका जुन्या मोटारीतून त्यांनी दहा आठवड्यांत सुमारे १०,००० मैल प्रवास केला. रोगाचा पट्टा विषुववृत्ताच्या दोहों अंगांस पसरलेला दिसला. उंच, थंड वा कोरड्या प्रदेशांत रोग विरळ. हा नकाशा हिवतापाच्या नकाशाशी बराच जुळे. डास एखादा विषाणू पसरवीत असावा, हा त्यांचा कयास त्या रूपात टिकला नाही. वारंवारचा हिवताप प्रतिकारव्यवस्था विस्कटून ह्या अर्बुदाला वाट करून देतो, असे आज मानतात. जगाच्या दृष्टीने दुर्मीळ असलेला हा रोग त्या पट्ट्यात मुलांच्या नेहमीच्या कर्करोगांपैकी एक होता. 'दुर्मीळ' हे विशेषण कोणी कोठे उभे राहून लावले, हे म्हणूनच विचारावेसे वाटते.

मार्च १९६१मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात बर्किटांचे व्याख्यान ऐकून अँथनी एपस्टाइन विषाणूच्या शोधास लागले. युगांडाहून विमानाने येणारे नमुने दोन वर्षे काही सांगेनात. डिसेंबर १९६३मध्ये धुक्यामुळे विमान मँचेस्टरला उतरले. नमुना उशिरा आला, त्यातले पाणी गढूळ. टाकूनच द्यावयाचा, पण एपस्टाइननी तो पाहिला. गढूळपणा जंतूंचा नसून सुट्या तरंगणाऱ्या जिवंत अर्बुदपेशींचा होता. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढल्या आणि १९६४च्या आरंभी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत विषाणू दिसला. एपस्टाइन, बर्ट अचोंग व इव्हॉन बार ह्यांचा निबंध त्याच मार्चमध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. विषाणूच्या नावात एपस्टाइन व बार राहिले, अचोंग गळाले. आणि रोगाला नाव मिळाले ते बर्किटांचे.