काळारामाचे दार, गायरानाची जमीन आणि आपला हिशेब

आपल्या चळवळीला एक जुना रोग जडला आहे. बैठक गायरानाची असो की वसतिगृहाची, पहिला तास जातो तो कोण कधी कुणाच्या वळचणीला गेला आणि कोणी गट फोडला, याच्या उजळणीत. ज्याचे चुकले तो कबूल करत नाही आणि ज्याने पाहिले तो विसरू देत नाही. स्वतःला आंबेडकरवादी म्हणवणाऱ्यांनी एकदा विचारले पाहिजे : फसलेल्या मार्गाचे बाबासाहेबांनी काय केले?

2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड पडले. खेड्यापाड्यांत आपल्या माणसांची कोंडी झाली. वर्षे गेली, पण दार उघडले नाही. दुसरा एखादा पुढारी असता तर प्रतिष्ठेपायी आणखी दहा वर्षे लोकांना त्याच दारात बसवून ठेवले असते. बाबासाहेबांनी 3 मार्च 1934 च्या पत्रात भाऊराव गायकवाडांना स्पष्ट कळवले की लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा सुरू केलेला नव्हता. समाज जागा व्हावा म्हणून केला होता. ते काम झाले, आता शक्ती राजकारणात आणि शिक्षणात लावा. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. सत्याग्रह थांबवण्याचा निर्णय त्याच परिषदेने घेतला.

यात तीन गोष्टी आहेत. त्यांनी अपयश झाकले नाही. अपयशाचे खापर सत्याग्रहींच्या माथी फोडले नाही. आणि साधन सोडले, पण समतेचे ध्येय सोडले नाही.

आता दादासाहेब गायकवाडांकडे पाहा. ज्या लढ्यासाठी त्यांनी उमेदीची वर्षे घातली, तो नेत्याने थांबवला. ते रुसून बसले नाहीत, वेगळी चूल मांडली नाही. मंदिराच्या दारातला हाच कार्यकर्ता पुढे भूमिहीनांचा नेता झाला. 6 डिसेंबर 1964 पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर जो भूमी सत्याग्रह केला, त्यात लाखो लोक तुरुंगात गेले. मराठवाड्यात तर बाबासाहेबांच्या हयातीतच, 1953 साली, जमिनीसाठी सत्याग्रह झाला होता. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट मोकळी केली, तिच्यामागे अशा लढ्यांची पुण्याई आहे. तरीही मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे आज सातबाऱ्यावर नाव चढण्याची वाट पाहत आहेत.

मग बिघडले कुठे? 3 ऑक्टोबर 1957 ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांत फुटला. एक गट ‘दुरुस्त’, दुसरा ‘नादुरुस्त’! रस्त्यावर उतरावे की कायद्याच्या चौकटीतच राहावे, हा मतभेद बसून मिटवता आला असता. पण दोघांनीही दुरुस्ती समोरच्याची काढली, स्वतःची कोणीच केली नाही. ती परंपरा आपण इमानाने चालवत आहोत.

कोणी म्हणेल, मग काय, विकले गेलेल्यांनाही माफ करायचे? नाही. लोकांसाठी निवडलेली वाट चुकणे ही चूक आहे. स्वतःसाठी लोकांना विकणे हा सौदा आहे. चुकीचा हिशेब लोकांपुढे मांडला की ती मागे टाकता येते. सौद्याला ही सवलत नाही. आपण मात्र दोन्ही एकाच तागडीत तोलतो. त्यामुळे प्रामाणिक कार्यकर्ता घरी बसतो आणि सौदेबाज व्यासपीठावर मिरवतो.

10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढच्या घटनांत पकडला गेलेला एक भीमसैनिक तरुण न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या तरुणांना कोणी गट विचारला नव्हता. या पोरांना आता कोर्टाच्या तारखांना सोबत करणारा, त्यांच्या शिक्षणाची काळजी वाहणारा, आणि ‘इथे माझे चुकले, आता असे करू’ एवढे भर बैठकीत म्हणू शकणारा नेता हवा आहे. तो मुंबईहून येईल याची वाट पाहू नका. तुमच्या वस्तीतल्या पुढच्या बैठकीचा पहिला तास तुमच्याच हातात आहे.

जय भीम!