स्पॅनिश वसाहतवादामागील प्रेरणा

स्पॅनिश वसाहतवादामागील प्रेरणा म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून स्पेनने अमेरिका खंडात व फिलिपिन्समध्ये जे साम्राज्य उभारले, त्यामागील आर्थिक, धार्मिक, राजकीय व सामाजिक कारणे होत. ही कारणे धन, धर्म आणि कीर्ती या तीन शब्दांत सांगण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात राजसत्ता, चर्च आणि मोहिमांत सामील झालेली माणसे यांचे हेतू वेगवेगळे व अनेकदा परस्परविरोधी होते.

पार्श्वभूमी

इ.स. १४७९ च्या आल्कासोव्हास तहाने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील व्यापारात पोर्तुगालचे वर्चस्व मान्य झाले आणि कॅस्टीलच्या वाट्याला कॅनरी बेटे आली. त्यामुळे आशियातील मसाल्यांच्या व्यापारात शिरण्यासाठी कॅस्टीलला पश्चिमेकडील सागरी मार्ग शोधणे भाग होते. जानेवारी १४९२ मध्ये ग्रानादा हे आयबेरियन द्वीपकल्पातील शेवटचे मुस्लिम राज्य पडले. त्याच वर्षी राणी इसाबेला व राजा फर्डिनांड यांनी क्रिस्तोफर कोलंबसच्या मोहिमेला मान्यता दिली. जिंकलेला प्रदेश योद्ध्यांमध्ये वाटण्याची आणि तेथे ख्रिस्ती धर्म रुजवण्याची ग्रानादापर्यंतच्या युद्धांतील पद्धत पुढे अटलांटिकपलीकडे गेली.

आर्थिक प्रेरणा

आशियाचा मार्ग सापडला नाही, तेव्हा स्पॅनिश लोकांचे लक्ष सोन्याकडे वळले. बहुतेक मोहिमांचा खर्च राजा करीत नसे. मोहिमेचा नेता राजाशी करार करून स्वतः व भागीदारांकडून भांडवल उभे करी. शिपायांना पगाराऐवजी लुटीतील हिस्सा मिळे, तर मौल्यवान धातूंचा एक पंचमांश भाग राजाच्या खजिन्यात जाई. गुंतवणूक वसूल करण्याची ही निकड मोहिमांतील क्रौर्याचे एक महत्त्वाचे कारण होते. १५३२ मध्ये फ्रान्सिस्को पिझारोने इंका सम्राट आताहुआल्पा याला काहामार्का येथे कैद केले. सुटकेसाठी प्रचंड सोने-चांदी देऊनही पुढील वर्षी त्याला ठार मारण्यात आले.

१५४५ मध्ये पोतोसी आणि १५४६ मध्ये साकातेकास येथे चांदीचे साठे सापडल्यावर लुटीची जागा खाणकामाने घेतली. पोतोसीच्या खाणींत स्थानिक लोकांकडून सक्तीने काम करून घेतले जाई. ही चांदी स्पेनच्या युरोपातील युद्धांचा एक मोठा आधार होती, तरीही १५५७ मध्ये राजा दुसरा फिलिप याला कर्जफेड थांबवावी लागली.

धार्मिक प्रेरणा

१४९३ मध्ये पोप सहावा अलेक्झांडर याने नव्या प्रदेशांवरील कॅस्टीलचा हक्क मान्य केला आणि तेथील लोकांना ख्रिस्ती करण्याची जबाबदारी राजसत्तेवर सोपवली. धर्मप्रसार हा अशा रीतीने सत्तेचा कायदेशीर आधार बनला. १५१३ च्या सुमारास तयार झालेला ‘रेकेरिमिएंतो’ हा जाहीरनामा लढाईपूर्वी स्थानिकांना वाचून दाखवला जाई. त्यात पोप व राजा यांची सत्ता मान्य करा, अन्यथा युद्ध व गुलामगिरीला सामोरे जा, अशी ताकीद होती. ऐकणाऱ्यांना ती भाषा बहुधा समजत नसे. मात्र अनेक धर्मोपदेशकांची श्रद्धा प्रामाणिक होती व काहींनी स्थानिक भाषांचा सखोल अभ्यासही केला.

राजकीय व सामाजिक प्रेरणा

पोर्तुगालशी असलेली स्पर्धा हे प्रमुख राजकीय कारण होते. १४९४ च्या तोर्देसियास तहानुसार केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेस ३७० लीगवर एक रेषा कल्पून दोन्ही राज्यांनी आपली क्षेत्रे ठरवली. रेषेच्या पूर्वेकडील मार्गाने पोर्तुगीज भारतात पोहोचले व १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतले. स्पेनने पश्चिमेकडून आशिया गाठण्याचा प्रयत्न चालू ठेवला आणि १५७१ मध्ये मनिला ही फिलिपिन्समधील आपल्या सत्तेची राजधानी केली.

मोहिमांतील अनेकांना प्रतिष्ठेची ओढ होती. स्पेनमधील मोठ्या घराण्यांत जमीनजुमला थोरल्या मुलाकडे जाण्याची चाल होती. धाकट्या मुलांना व गरीब ‘हिदाल्गों’ना, म्हणजे कनिष्ठ सरदारांना, समुद्रापलीकडे जमीन आणि मानमरातब मिळण्याची आशा वाटे. मेक्सिको जिंकणारा एर्नान कोर्तेस हा एस्त्रेमादुरा प्रांतातील अशाच एका घराण्यातला होता.

हेतूंमधील संघर्ष

‘एन्कोमिएन्दा’ पद्धतीत हे हेतू एकमेकांवर आदळले. या पद्धतीत वसाहतकाराला स्थानिकांकडून खंडणी व श्रम घेण्याचा हक्क मिळे; बदल्यात त्यांचे रक्षण व धर्मशिक्षण करणे त्याचे कर्तव्य मानले जाई. श्रम घेतले गेले, कर्तव्य बहुधा कागदावरच राहिले. १५११ मध्ये हिस्पॅनिओला बेटावर डोमिनिकन धर्मगुरू आंतोनियो दे मोंतेसिनोस याने प्रवचनातून या शोषणाचा जाहीर निषेध केला. पुढे बार्तोलोमे दे लास कासास याने हीच बाजू राजदरबारी मांडली.

१५४२ च्या नव्या कायद्यांनी स्थानिकांना गुलाम करण्यास बंदी घातली व एन्कोमिएन्दा वंशपरंपरेने चालवण्यास मनाई केली. यामागे न्यायबुद्धीबरोबरच वसाहतीत प्रबळ सरदारवर्ग निर्माण होण्याची राजाला वाटणारी भीतीही होती. पेरूमधील वसाहतकारांनी बंड करून १५४६ मध्ये व्हाइसरॉयला ठार मारले. त्याआधीच, १५४५ मध्ये, वारसाहक्कावरील मनाई मागे घेण्यात आली होती. १५५०-५१ मध्ये वायादोलिद येथे लास कासास व हुआन हिनेस दे सेपूल्वेदा यांच्यात या विजयांच्या न्याय्यतेवर वाद झाला; मात्र त्यातून कोणताही अंतिम निर्णय जाहीर झाला नाही.