डालीतली फळे

श्रोतेहो, कोंबड्या झाकायचे डालगे आपल्या ओळखीचे आहे. पण ‘डाली’ हा शब्द आता फारसा कानी पडत नाही. इंग्रजी अमदानीत नाताळ आणि नवे वर्ष आले की जमीनदार, कंत्राटदार, सावकार अशी मंडळी फळांनी भरलेली टोपली किंवा तबक साहेबाच्या बंगल्यावर पोचवीत. ती डाली. साहेबलोकांच्या तोंडी तिची ‘डॉली’ झाली, आणि १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात तिला जागाही मिळाली.

डालीत फळे कोणती? आंबा म्हणाल, तर नाताळात आंबा कुठला! थंडीत जे मिळे तेच; संत्री, पेरू, केळी, डाळिंबे. खरा मान काबूलच्या द्राक्षांचा. गोल लाकडी डब्यात, कापसाच्या थरांत निजवलेली ही द्राक्षे काबुली व्यापारी हिवाळ्यात घेऊन येत. सोबतीला बदाम, पिस्ते, अक्रोड. लांबून आलेले, नाजूक आणि महाग, म्हणून ते साहेबाला.

पण फळच का? पैसा का नाही? याचे उत्तर कायद्यात सापडते. १७५७ च्या प्लासीनंतर कंपनीच्या नोकरांनी बंगालच्या नबाबांकडून लाखांनी नजराणे उकळले. मग १७६५ मध्ये क्लाइव्हने नोकरांकडून नजराणे न घेण्याचे करार लिहून घेतले. (त्याने स्वतः आधीच भरपूर घेतले होते, ते सोडा!) १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने नजराण्यांना बंदीच घातली. तरी पुढे सरकारी नोकरांच्या वर्तनाचे नियम झाले, त्यांत फुले, फळे आणि तसल्याच किरकोळ किमतीच्या वस्तूंना मोकळीक राहिली. दार लावले, पण खिडकी उघडी ठेवली म्हणा ना. त्या खिडकीतून संत्र्यांच्या खाली दारूची बाटलीही आत जाऊ लागली. काही अधिकारी एखादेच फळ उचलून बाकीची डाली परत करीत. सगळेच काही तसे नव्हते.

हे सारे इंग्रजांनीच आणले असे मात्र समजू नका. बऱ्हाणपूरला ‘बादशाहपसंद’ नावाचे आंब्याचे झाड होते. १६५२ नंतर औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना त्या झाडाचे आंबे आपल्याकडे न पाठवता त्यानेच खाल्ले, असा ठपका बाप शहाजहानने त्याच्यावर ठेवला. मुलाला खुलासा द्यावा लागला! गोडी चाखायची म्हणून का बादशहा एवढा रागावला? माझ्या मते नाही. फळ पोचले नाही, म्हणजे सुभेदार मनात काय धरून आहे, ही शंका होती. पुढे १६५८ साली त्याच मुलाने बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडले.

आणि आपल्याकडे? मराठेशाहीच्या हिशेबांत ‘भेट’ ही गावाकडून वसूल होणारी एक बाबच असे. खुशीने द्यायची ती भेट. पण एकदा कागदावर चढली की ती रयतेच्या खुशीवर राहीना. डालीचेही तसेच. साहेबाला फळे देतो तो मोठा माणूस. पण ती खरेदी कुणाच्या घामाची, हे साहेब विचारीत नसे. शिक्षक बंधूंच्या गावी एखाद्या वाड्यात जुने मोडी दप्तर शिल्लक असेल, तर त्यातला ‘भेट’ हा शब्द मुलांना जरूर दाखवावा. तिच्यापुढे किती रुपये मांडले आहेत, तेही वाचावे.