टोस्टरचा इतिहास आणि एक चुकलेला गुण

सकाळी पोहे-जिलबी खाणाऱ्या इंदूरच्या माणसाने टोस्टरवर लेख लिहावा, याचे मंडळातल्या ज्येष्ठांना आश्चर्य वाटेल. आपल्याकडे टोस्ट म्हटले की बेकरीतला, कडक, चहात बुडवायचा टोस्टच डोळ्यांसमोर येतो. शेजारचे हिंदीभाषक त्याला 'टोस' म्हणतात. ब्रेड भाजायचा तर आमच्या घरी वर्षानुवर्षे गॅसवर तारेची जाळी ठेवली जाई आणि आई हातात चिमटा घेऊन उभी राहत असे. तरीही हा लेख लिहिणे मला भाग आहे, कारण एका मुलीच्या एका गुणाचे देणे माझ्याकडे राहिले आहे.

२०१८च्या गणेशोत्सवात मुलांच्या सामान्यज्ञान स्पर्धेचे प्रश्न मी काढले होते. त्यात एक प्रश्न होता : विजेवर चालणारा टोस्टर कोणी व कधी तयार केला? उत्तर मी इंटरनेटवरच्या एका विख्यात ज्ञानकोशातून घेतले होते. एडिनबरोचा एक स्कॉटिश शास्त्रज्ञ, साल १८९३. सोबत त्याचा जुनाट, धुरकट फोटोही होता. आठवीतल्या एका मुलीने लिहिले, "अमेरिका, १९०९". मी तिला शून्य दिले आणि एका गुणाने तिचा पहिला नंबर गेला.

पुढे २०२२मध्ये उघड झाले, की असा शास्त्रज्ञ कधी झालाच नव्हता. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात प्राध्यापकांनी मुलांना बजावले होते, की त्या ज्ञानकोशावर विसंबू नका, तिथे कोणीही काहीही लिहितो. उदाहरण म्हणून त्यांनी टोस्टरच्या शोधाबद्दलची एक थाप सांगितली. वर्गातल्या एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून तिथे आपल्या मित्राचे नाव घातले. २०१३मध्ये त्या नावाने पूर्ण चरित्र तयार झाले आणि फोटो म्हणून त्या पोरांपैकीच एकाचा चेहरा जुना करून लावला गेला. दहा वर्षे ही थाप खपली. पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत ती छापून आली. ब्रिटनच्या पन्नास पौंडांच्या नोटेवर कोणाचे चित्र असावे यासाठी लोकांकडून जी नावे मागवली गेली, त्यांतही हे नाव होते. शेवटी संशय आला तो एका पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाला, तोही फोटो पाहून. मी विद्युत शाखेचा पदविकाधारक. फोटोकडे नाही, निदान सालाकडे तरी मी नीट पाहायला हवे होते.

कारण १८९३मध्ये असा टोस्टर टिकलाच नसता. अडचण तारेची होती. ब्रेड भाजायला तार लालभडक व्हावी लागते, आणि लोखंडी तार उघड्या हवेत तशी तापवली की गंजून, ठिसूळ होऊन तुटते. प्लॅटिनम टिकते, पण त्याचा टोस्टर सोनाराकडूनच घ्यावा लागेल. विजेच्या शेगड्या त्या दशकात प्रदर्शनांत मांडल्या जात होत्या, पण रोज सकाळी तापून रोज थंड होणारी स्वस्त तार कोणाकडे नव्हती. ती दिली अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श यांनी. निकेल सुमारे ऐंशी टक्के आणि क्रोमियम वीस टक्के, असा मिश्रधातू त्यांनी केला. त्याचे पेटंट १९०६मध्ये मिळाले. त्यालाच आपण नायक्रोम म्हणतो. तापल्यावर त्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच आतल्या धातूला हवेपासून वाचवतो. इस्त्री, गीझर, हेअर ड्रायर, प्रयोगशाळेतली भट्टी, सगळीकडे हीच तार. पदविकेच्या पहिल्या वर्षी तिचा रोध मोजायचा प्रयोग आम्ही केला होता. तिला शोधणाऱ्याचे नाव मात्र आम्हांला कोणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

मग १९०९मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा 'डी-१२' हा टोस्टर बाजारात आला. चिनी मातीची बैठक, त्यावर उभ्या उघड्या तारा, आणि दोन्ही अंगांना ब्रेड टेकवायला तारेचा कठडा. खरेदीदारांनी खऱ्या अर्थाने उचललेला हा पहिला विजेचा टोस्टर. त्या मुलीचे उत्तर हे होते.

पण यात ब्रेडची एकच बाजू भाजत असे. दुसरी भाजायला स्लाइस हाताने उलटवायची आणि वेळेवर काढायची. म्हणजे आईचा चिमटा सुटला नव्हता, फक्त गॅसच्या जागी वीज आली होती. मिशिगनचे लॉइड कोपमन यांनी १९१४च्या सुमारास ब्रेड आपोआप उलटवणारा टोस्टर काढला, त्यांच्या पत्नी हेझल यांनी "हा स्वतः का उलटत नाही?" असे विचारल्यावर तो सुचला, असे सांगतात. (पुढे गाजलेली गायिका लिंडा रोनस्टाट ही या कोपमनांची नात.) उलटवण्याचा प्रश्न सुटला, थांबवण्याचा तसाच राहिला.

थांबवणे इतके अवघड का, हे समजायला ब्रेड भाजताना नेमके काय होते ते पाहावे लागते. ब्रेडमध्ये पाणी असते. पृष्ठभागावरचे पाणी उडून जाईपर्यंत तिथले तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही आणि रंगही बदलत नाही. पृष्ठभाग कोरडा झाला, तापमान सुमारे एकशे चाळीसच्या पुढे गेले, की पिठातली प्रथिने आणि शर्करा यांची क्रिया वेगाने सुरू होते आणि तांबूस रंग, खरपूस वास येतो. लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२मध्ये या क्रियेचे वर्णन केले म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. आपली भाकरी, भाजलेला रवा, तव्यावरचे थालीपीठ, सगळ्यांचा खमंगपणा बराचसा तिचाच. आता गोम अशी, की पांढरा ब्रेड तारेची उष्णता बरीचशी परतवतो आणि तांबूस झालेला भाग ती अधिक शोषतो. जो भाग आधी रंगला तो आणखी भराभर रंगतो. बराच वेळ काहीच घडत नाही आणि शेवटच्या थोड्या सेकंदांत सगळे घडते. कोपरा करपलेला आणि मध्य पांढरा, हा टोस्ट अशा रीतीने तयार होतो. पहिल्यापासूनचा किंचित फरक शेवटी ठळक होऊन बसतो.

म्हणून टोस्टरचा पुढचा इतिहास हा ब्रेडवर नजर कोणी ठेवायची याचा इतिहास आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मिनेसोटातल्या एका कारखान्यात चार्ल्स स्ट्राइट नावाचे कारागीर होते. उपाहारगृहात रोज करपलेला टोस्ट खाऊन ते वैतागले. स्वयंपाक्याला दहा कामे. तो ब्रेडकडे बघत कुठे बसणार? स्ट्राइट यांनी दोन्ही बाजूंनी एकदम भाजणारा, ठरलेल्या वेळी वीज बंद करून स्प्रिंगने ब्रेड वर फेकणारा टोस्टर केला. त्याचे पेटंट १९२१मध्ये मिळाले. आधी तो उपाहारगृहांसाठी होता. १९२६मध्ये 'टोस्टमास्टर' या नावाने त्याचे घरगुती रूप आले. नजर ठेवायचे काम आता घड्याळाकडे गेले.

घड्याळाला जमावे म्हणून ब्रेडनेही शिस्त धरावी लागते. पावाच्या लादीतून सुरीने कापलेली एक फोड जाड, एक पातळ. एकाच वेळेत दोन्ही सारख्या कशा भाजणार? ही शिस्त ऑटो रोहवेडर या मूळच्या जवाहिऱ्याने आणली. त्यांच्या यंत्रावर कापलेला ब्रेड ७ जुलै १९२८ रोजी मिसूरीतल्या चिलिकोथी गावच्या बेकरीने विकायला काढला. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत कापलेला ब्रेड इतका अंगवळणी पडला, की १९४३च्या जानेवारीत युद्धकाळातली काटकसर म्हणून सरकारने त्यावर बंदी घातली तेव्हा गृहिणींनी ओरड केली आणि मार्चमध्ये बंदी उठवावी लागली. सरकारी नोकरीत असल्यामुळे असा आदेश काढणाऱ्याबद्दल मला थोडी सहानुभूतीही वाटते.

तरी घड्याळाचे दोन दोष राहिलेच. पहिल्या खेपेला टोस्टर गार असतो, दुसऱ्या खेपेला तापलेला. वेळ तीच ठेवली तर पहिला फिका आणि तिसरा करपका. दुसरा दोष विजेच्या दाबाचा. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टच्या जागी २०० मिळाले तर दाब तेरा टक्के कमी, पण उष्णता जवळजवळ चोवीस टक्के कमी. सकाळी सगळ्या गल्लीत पाण्याच्या मोटारी चालू झाल्या, की कालच्याच खुणेवर ठेवलेला टोस्ट आज पांढरा का निघतो, याचे उत्तर यात आहे. घड्याळ फक्त सेकंद मोजते. ब्रेड किती तापला हे त्याला कळत नाही.

ते ज्याला कळत होते असा टोस्टर १९४९मध्ये आला होता. सनबीम कंपनीचा टी-२०. रचना लुडविक कोची यांची. त्याला खाली दाबायचा खटकाच नाही. ब्रेड खाचेत ठेवला की त्याच्या भाराने वीज सुरू होते. तारा तापून लांबतात, त्या किंचित लांबण्याला तरफांनी मोठे केले जाते आणि ब्रेड सावकाश आत उतरतो. आत ब्रेडसमोर दोन धातूंची एक पट्टी असते, ती ब्रेडच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या उष्णतेने वाकते. पृष्ठभाग पुरेसा तापला की ती वीज तोडते. तारा गार होऊन आखडतात आणि ब्रेड तसाच सावकाश वर येतो. मोटर नाही, घड्याळ नाही. ब्रेड जाड असो, शिळा असो, विजेचा दाब कमी असो, पट्टी ब्रेडलाच विचारते. यांत्रिक बुद्धीचा इतका स्वच्छ नमुना घरगुती वस्तूंत मी दुसरा पाहिलेला नाही.

नव्वदच्या दशकात तो बनायचा थांबला. त्याची जुळणी नाजूक, म्हणून महाग. आणि ग्राहकाला दुकानात दिसते ती किंमत, भाजणी दिसत नाही. आज आपल्याकडे मिळणारे बहुतेक टोस्टर सात-आठशे वॅटचे, आत छोटे इलेक्ट्रॉनिक टायमर, आणि खटका धरून ठेवायला विद्युतचुंबक. चकतीवरचे एक ते सहा आकडे म्हणजे मिनिटे नव्हेत, नुसत्या कमी-जास्त वेळेच्या खुणा. म्हणजे आपण पुन्हा १९२६च्या घड्याळापाशी आलो आहोत, घड्याळ तेवढे स्वस्त झाले.

मग सारखा भाजणारा टोस्टर निवडायचा कसा? गेल्या दिवाळीत मी तीन दुकाने फिरलो. चकतीपेक्षा आत डोकवावे. अभ्रकाच्या पत्र्यावर गुंडाळलेल्या तारेचे वेढे नीट समांतर हवेत. खालच्या बाजूला ते थोडे दाट असले तर उत्तम, कारण गरम हवा वर जाते आणि वरचा भाग तसाही जास्त तापतो. खटका दाबल्यावर आतल्या जाळ्या दोन्हीकडून सारख्या मिटून ब्रेड मधोमध धरतात का, हे पाहावे. ब्रेड एका अंगाला कलला की ती बाजू करपलीच. आणि शक्य असेल तर लागोपाठ तीन खेपा भाजून बघाव्यात. मी खिशातून ब्रेड काढला तेव्हा दुकानदार म्हणाला, "भैया, इसमें आप ब्रेड सेंक लोगे तो फिर हम बेचेंगे किसको?" त्याचेही खरे होते. तिसऱ्या दुकानदाराने दाखवण्यासाठी ठेवलेल्या टोस्टरवर तपासू दिले; तिथलाच घेतला. दुसरी खेप तो अजूनही थोडी जास्त भाजतो, म्हणून दुसऱ्या वेळी मी चकती अर्धी खूण मागे घेतो. नजर ठेवायचे काम शेवटी माझ्याकडेच आले.

राहिला तो गुण. ती मुलगी आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा गणपतीच्या तयारीच्या बैठकीला ती आली तेव्हा मी तिला सगळे सांगितले आणि विचारले, की आठवीत असताना १९०९ हे साल तिला कुठून मिळाले? आजोबांच्या कपाटातल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून, म्हणाली. मी म्हटले, कार्यकारिणीशी बोललो आहे. त्या वर्षीच्या निकालाच्या वहीत दुरुस्ती करून तुझे नाव पहिल्या क्रमांकावर लिहितो, बक्षीसही देऊ.

"काका, बक्षीस काय होतं तेव्हा?"

"कंपासपेटी."

"मग वहीत तेवढं लिहा," ती म्हणाली आणि मखराच्या थर्माकोलकडे वळली.