आडनाव ठेवतो कोण?

‘उज्जैनकर’ हे आडनाव उज्जैनमध्ये सहसा जन्माला येत नाही. सारे गावच उज्जैनचे असताना त्या नावाने कोणाला वेगळे ओळखणार? माणूस गाव सोडतो, परमुलखात बिऱ्हाड करतो, शेजारी ‘हे कुठले?’ म्हणून विचारतात आणि उत्तराला ‘कर’ जोडला जातो. नीरेकाठचे होळ गाव सुटले, तेव्हा होळकर झाले. अठराव्या शतकात उज्जैनच्या महाकालाचे मंदिर पुन्हा उभारणारे राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर माळव्यात कारभार करत होते, पण त्यांच्या आडनावातला ‘कर’ कोकणपट्टीकडेच बोट दाखवत राहिला.

कल्पित जगाच्या कथा लिहिणाऱ्यांनी इथे थांबून पाहावे. पात्राला भारदस्त, चमत्कारिक आडनाव द्यायचे म्हणून अक्षरे जुळवली जातात आणि नाव पोकळ वाजते. माझ्या मते कारण एकच: ते नाव फक्त लेखकाने ठेवलेले असते. खरे आडनाव बहुधा दुसऱ्यांनी ठेवलेले असते. शेजाऱ्यांनी, दफ्तराने, कधी देवानेसुद्धा.

देवाचे उदाहरण उज्जयिनीचेच आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त इथला राजा महासेन आपल्या मांसाची आहुती देतो. चंडी प्रसन्न होते, खड्ग देते आणि अशा उग्र कर्मासाठी त्याचे नाव चंडमहासेन ठेवते. त्या नावात एक घटना आहे आणि ते ठेवणारीही आहे. उज्जयिनीतच घडणाऱ्या ‘मृच्छकटिक’ नाटकात आडनावे नाहीत, तरी नायक चारुदत्ताच्या वडिलांचे नाव सागरदत्त, आजोबांचे विनयदत्त. ‘दत्त’ हे शेपूट तीन पिढ्या घराण्याची खूण सांभाळते. मुलगा मात्र रोहसेन.

कल्पित जगाच्या कथा लिहिणाऱ्या टॉल्किनला नावामागे घटना लागते हे मर्म नेमके कळले होते. त्याच्या हॉबिटांतला गोरहेंडाड ओल्डबक ब्रँडीवाइन नदी ओलांडून पलीकडे वस्ती करतो आणि घराणे ब्रँडीबक म्हणवू लागते. नदी ओलांडली, आडनाव बदलले. हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

दफ्तराने दिलेली आडनावे आणखी बोलकी आहेत. फर्दनवीस म्हणजे फर्द, हिशेबाची यादी, लिहिणारा. बोलण्यात झिजत तो फडणीस झाला. चिठ्ठीनवीसाचा चिटणीस झाला. फारसी ‘नवीस’ मराठी तोंडात ‘नीस’ होऊन बसला. अशा एका आडनावामागे सारी राज्यव्यवस्था उभी असते: वसुली, कागद, मोहोर, कारकुनाची पिढीजात वतनदारी. म्हणून पात्र फडणीस असेल, तर त्या कल्पित राज्यात हिशेब ठेवला जात असलाच पाहिजे.

पुस्तकातूनही आडनाव येते. गजानन माधव मुक्तिबोध (जन्म 1917, श्योपूर) उज्जैनच्या माधव महाविद्यालयात शिकले. हिंदीचे थोर कवी, पण घर मराठी. घराण्याचे मूळ आडनाव कुलकर्णी आणि कोणा पूर्वजाने लिहिलेल्या ग्रंथावरून ‘मुक्तिबोध’ रूढ झाले, असे सांगितले जाते. एखाद्या कादंबरीकाराने हे आडनाव रचले असते, तर ते फारच साहित्यिक वाटते अशी तक्रार झाली असती. त्यामागची हकीकत कळली की ते पटते.

म्हणून आधी हकीकत घडवावी, मग नाव, आणि शेवटी ते झिजवावे. समजा, क्षिप्रेकाठच्या एका कल्पित नगरीत वेताळाने राजाला विचारलेले प्रश्न टिपून ठेवणारा अधिकारी आहे. दरबारात तो वेताळनवीस. नातवापर्यंत तो वेताळनीस होईल, आणखी चार पिढ्यांनी वेतनीस. तोवर वेताळ विसरला जाईल आणि घरची माणसे आपला संबंध वेतनाशी लावतील. कथेच्या मध्यावर एखाद्या वेतनीस मुलीला जुन्या कागदात ते मूळ पद सापडले, तर आडनावच कथानक पुढे नेऊ लागेल. अक्षरे जुळवून केलेल्या नावाला हे बळ कधीच येत नाही.